चिंतेचा कागद देवापुढे ठेवताना

हा लेख ख्रिस्ती प्रार्थनेची सवय नसलेल्यांसाठी आहे. त्यांत नुकतेच मंडळीत येऊ लागलेले लोक आले, तसेच लहानपणापासून रविवारच्या उपासनेला बसूनही घरी एकट्याने प्रार्थना करायची म्हटले की दोन वाक्यांत ज्यांचे शब्द संपतात असेही आले. या दुसऱ्या प्रकारचे लोक आपण समजतो त्यापेक्षा बरेच जास्त असतात. चिंता म्हणजे येथे रोजची चिंता अभिप्रेत आहे: थकलेले ऊसबिल, दहा दिवसांच्या दूधबिलातून भागणारे घर, कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत कमी झालेल्या पाळ्या, मुलीची प्रवेशफेरी, आईचा रक्ततपासणीचा अहवाल. अशा वेळी मंडळीतील एखादी वडीलधारी व्यक्ती मायेने सांगते, "प्रभूवर सोपवून द्या." सल्ला योग्यच असतो, पण सोपवायचे म्हणजे बसून नेमके काय करायचे, हे बहुधा कोणी सांगत नाही. ते येथे क्रमाने सांगण्याचा प्रयत्न आहे.

साहित्य फारसे लागत नाही. एक साधी वही, पेन, मराठी बायबल आणि घरात पंधरा मिनिटे कोणी हाक मारणार नाही अशी वेळ एवढे पुरे. बायबल कोठून वाचायला घ्यावे असा प्रश्न नवख्याला हमखास पडतो, म्हणून पहिल्या महिन्यासाठी तीनच ठिकाणे सुचवतो: मत्तय ६:२५ ते ३४, फिलिप्पैकरांस ४:६ व ७, आणि १ पेत्र ५:७. आलटून पालटून हीच वाचावीत. रोज नवे वचन शोधत बसणारा माणूस अनेकदा वचनापेक्षा शोधण्यातच रमतो.

पहिली पायरी: चिंता तपशिलाने लिहावी

प्रार्थनेला बसण्याआधी चिंता कागदावर उतरवावी, आणि ती उतरवताना मोघम शब्द टाळावेत. "पैशाची चिंता" असे लिहून काही साधत नाही. कोणाचे पैसे, किती, कोणत्या तारखेला, आणि ते न भरल्यास पुढे नक्की काय होईल, हे लिहावे. "मुलाचे कसे होणार" याऐवजी "गणिताच्या दोन चाचण्यांत नापास झाला आणि शाळेतून आल्यावर कोणाशी बोलत नाही" असे लिहावे. एका चिंतेला एक पान द्यावे आणि वर तारीख घालावी. या तारखेचा उपयोग पुढे होणार आहे.

लिहिताना बहुधा असे लक्षात येते की जिला आपण एक चिंता समजत होतो, तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. उदाहरणार्थ, "आईची तब्येत" असे शीर्षक देऊन एखादी गृहिणी लिहायला बसली, तर पहिल्या ओळीत साखर वाढल्याचा अहवाल येतो, दुसरीत गुरुवारी तिला दवाखान्यात कोण नेणार हा प्रश्न येतो, आणि तिसऱ्या ओळीपाशी पेन थांबते, कारण तेथे "परवा मी तिच्यावर ओरडले" असे लिहायचे असते. पहिली गोष्ट देवाजवळ मागायची आहे, दुसरी भावाला फोन करून सुटणारी आहे, आणि तिसरी ही चिंता नसून देवाजवळ व आईजवळ क्षमा मागण्याचा विषय आहे. तिन्ही एकत्र असतात तोवर रात्री छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. त्या वेगळ्या केल्या की प्रत्येकीची वाट वेगळी आहे हे दिसते, आणि अर्धे काम तेथेच होते.

दुसरी पायरी: कागद पसरून प्रार्थना करावी

बायबलमध्ये या कृतीचे फार स्पष्ट उदाहरण आहे, आणि मला ते सर्व उपदेशांपेक्षा जास्त उपयोगी वाटते. यहूदाचा राजा हिज्कीया याला अश्शूरच्या राजाकडून धमकीचे पत्र आले. अश्शूरच्या सैन्याने आजूबाजूची राज्ये धुळीला मिळवली होती आणि आता यरुशलेमची पाळी होती. हिज्कीयाने ते पत्र घेतले, वाचले, तो मंदिरात गेला आणि त्याने ते पत्र परमेश्वरापुढे पसरले. ही हकीकत २ राजे १९ व्या अध्यायात आहे. त्याने मन शांत होण्याची वाट पाहिली नाही आणि पत्र घरी ठेवून कोरड्या मनाने स्तुती करण्याचाही प्रयत्न केला नाही. ज्या कागदाने झोप उडवली होती, तोच कागद घेऊन तो देवापुढे गेला.

त्याच्या प्रार्थनेचा क्रमही पाहण्यासारखा आहे. प्रथम त्याने आपण कोणाशी बोलत आहोत हे म्हटले: आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवाशी. त्यानंतर त्याने वस्तुस्थिती जशीच्या तशी मान्य केली. अश्शूरच्या राजांनी राष्ट्रे उद्ध्वस्त केली आहेत हे खरे आहे, असे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले. आणि शेवटी त्याने स्पष्ट शब्दांत मागितले की आम्हाला सोडव. नवख्याने हाच क्रम धरावा: देव कोण आहे, माझी स्थिती काय आहे, मला काय हवे आहे.

बँकेची नोटीस असेल तर ती नोटीस, अहवाल असेल तर तो अहवाल, कागदच नसेल तर वहीतील ते पान समोर ठेवावे. ख्रिस्ती माणूस येशूच्या नावाने प्रार्थना करतो. त्याचा अर्थ असा की देवाकडे जाण्याचा हक्क त्याला स्वतःच्या पुण्याईने मिळालेला नसून ख्रिस्तामुळे मिळालेला आहे. म्हणूनच "मी दोन महिने चर्चला गेलो नाही, आता कोणत्या तोंडाने मागू" असा संकोच येथे आड येऊ देऊ नये. नमुन्यादाखल एक प्रार्थना देतो. ती पाठ करण्यासाठी नाही, किती साधेपणाने बोलायचे हे कळावे म्हणून आहे:

"हे स्वर्गीय पित्या, आकाश आणि पृथ्वी तुझी आहे, आणि तू मला नावाने ओळखतोस. या महिन्याच्या १० तारखेला सोसायटीचा हप्ता भरायचा आहे. ऊसबिल अजून खात्यावर आलेले नाही. गेल्या महिन्यात मेहुण्यांकडून उसने घेतले, आता पुन्हा त्यांच्याकडे जाण्याची मला लाज वाटते. मला भीती वाटते. बिल वेळेवर जमा होऊ दे. ते झाले नाही, तर सोसायटीत जाऊन मुदत मागण्याचे धैर्य मला दे आणि तेथे खरे बोलण्याची बुद्धी दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन."

यात "मला भीती वाटते" हे वाक्य आहे, ते गाळू नये. आपल्याकडे प्रार्थनेत भारदस्त शब्द वापरण्याची फार हौस आहे. "हे परमपवित्र, सर्वसमर्थ, दयासागरा" असे सुरू झालेली प्रार्थना पुष्कळदा हप्त्यापर्यंत पोहोचतच नाही. बायबलमधील स्तोत्रे रचणारे यापेक्षा कितीतरी उघडपणे बोलतात. १३ वे स्तोत्र "कोठवर?" या प्रश्नाने सुरू होते आणि तो प्रश्न चार वेळा विचारते, तर ८८ वे स्तोत्र शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

बोलता बोलता मन भरकटले तर वहीतील ओळीवर बोट ठेवून पुन्हा तेथून सुरुवात करावी. प्रार्थना आठ मिनिटांत संपली तर संपू द्यावी. पिग्मी भरणाऱ्या दुकानदाराला जसे रोजचे शंभर रुपये जड जात नाहीत आणि वर्षअखेरीला त्याचीच रक्कम उभी राहते, तसे रोजच्या थोडक्या प्रार्थनेचे आहे. महिन्यातून एकदा रात्रभर जागण्याचा संकल्प करून दुसऱ्या आठवड्यात सगळेच सोडून देण्यापेक्षा हे बरे.

तिसरी पायरी: आभार

फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये येशूचा प्रेषित पौल सांगतो की कशाविषयीही चिंताक्रांत न होता प्रार्थना व विनंती करून "आभारप्रदर्शनासह" आपली मागणी देवाला कळवावी. हे त्याने बंदिवासात असताना लिहिले आहे, म्हणून ते ऐकून घ्यावेसे वाटते. मागणीच्या त्याच पानावर खाली दोन ओळी आभाराच्या लिहाव्यात, आणि त्याही तपशिलाने: नळाला आज पाणी वेळेवर आले, शेजारच्या काकूंनी न सांगता डबा दिला. आभार मानल्याने हप्ता कमी होत नाही. परंतु चिंतेला सगळे पान व्यापून बसू दिले जात नाही. ही पायरी यापेक्षा लांबवण्याची गरज नाही.

चौथी पायरी: आजचा वाटा उचलावा

प्रार्थना झाल्यावर वही मिटण्याआधी एक प्रश्न विचारावा: यातले आज माझ्या हाताने होण्यासारखे काय आहे? ते एक काम लिहावे आणि करावे. उरलेले देवाकडे राहिले.

येशूचे शब्द मराठी बायबलमध्ये असे आहेत: "उद्याची चिंता करू नका, कारण उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे." या वचनाचा अर्थ काही जण बेफिकिरी असा घेतात, आणि विमा उतरवणे किंवा शिल्लक ठेवणे म्हणजे विश्वासाची उणीव, असे म्हणणारेही भेटतात. शास्त्र तसे शिकवत नाही. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, मिळत असे, तो ज्या त्या दिवसापुरताच गोळा करायचा होता; हावरेपणाने उद्यासाठी राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले. पण त्याच अध्यायात, निर्गम १६ मध्ये, सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा आहे, आणि शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, ठेवलेला तो मान्ना नासला नाही. देवाने सांगितलेली तरतूद टिकली, भीतीने केलेली साठवण नासली. आपली बचत यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

कोल्हापूरकराला हा फरक पावसाळ्यात चांगला कळतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि तेव्हापासून नदीकाठच्या वस्तीत जुलै उजाडला की प्रत्येकाच्या मोबाइलवर हे आकडे फिरू लागतात. सुतारवाड्यातील एखादे कुटुंब घ्या. त्यांनी रेशनकार्ड, आधारकार्ड, मुलांचे दाखले आणि औषधाच्या चिठ्ठ्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या, धान्याचे डबे माळ्यावर चढवले, शाहूपुरीतील नातेवाइकांना कळवून ठेवले, आणि पातळी सकाळी व संध्याकाळी एकदा पाहायची असे ठरवले, तर ती तरतूद झाली. त्यानंतर रात्री दर पंधरा मिनिटांनी मोबाइल उघडून इंचाइंचाचा हिशेब करणे, हे मात्र चिंतेचे काम आहे. त्याने पाणी एक इंचही खाली जात नाही. नहेम्या यरुशलेमचा तट बांधत असताना शत्रूंनी हल्ल्याचा कट केला, तेव्हा लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला, असे नहेम्या ४:९ मध्ये एकाच वाक्यात आले आहे. प्रशासनाने घर सोडायला सांगितले तर ताबडतोब सोडावे. "प्रभू राखील" म्हणून पाण्यात बसून राहणे ही देवाची परीक्षा पाहणे झाले, आणि येशूने मंदिराच्या शिखरावर नेमके तेच करण्यास नकार दिला होता.

पाचवी पायरी: दिवसाच्या धावपळीतील प्रार्थना

सकाळी ठेवलेली चिंता अकरा वाजता परत येते. ती येणारच, त्यामुळे सकाळची प्रार्थना फुकट गेली असे समजू नये. नहेम्याचेच दुसरे उदाहरण येथे उपयोगी आहे. तो ज्याच्या चाकरीत होता त्या पारसाचा राजा अर्तहशश्त याने त्याला "तुझी मागणी काय" असे विचारले, तेव्हा उत्तर देण्याआधी त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. राजा समोर वाट पाहत असताना ती प्रार्थना किती लांब असणार? एका श्वासाची. केएमटीच्या बसमध्ये उभे असताना, साहेबांच्या केबिनबाहेर, तपासणीच्या रांगेत असे एक वाक्य मनात म्हणता येते. "तो तुमची काळजी घेतो" हे पेत्राच्या वचनातील शब्द त्यासाठी पाठ करून ठेवावेत. ज्यांना गाण्याची आवड आहे त्यांनी एखादे भजन गुणगुणावे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि भजनाचा जो साज चढवला, तो घरकाम करताना किंवा गाडी चालवताना सहज ओठावर येतो, आणि स्वतःचे शब्द सुचत नसतील तेव्हा दुसऱ्याचे शब्द उसने घेण्यात काही कमीपणा नाही.

सहावी पायरी: रात्र आणि शरीर

रात्री दोन वाजता सुचलेला कोणताही निर्णय घेऊ नये आणि कोणालाही मेसेज पाठवू नये, एवढा नियम आधी करावा. उशाशी वही ठेवावी. चिंता आली तर एक ओळ लिहावी आणि दिवा मालवावा. १२१ वे स्तोत्र सांगते की इस्राएलाचा रक्षक झोप घेत नाही. तो जागा आहे, तेव्हा आपण झोपायला हरकत नाही.

चिंतेत शरीराकडे दुर्लक्ष करून केवळ प्रार्थना वाढवत नेणे मला योग्य वाटत नाही. एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीने रानात पळाला, एका झुडुपाखाली बसला आणि "आता मला मरू दे" असे म्हणाला. देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी होते. दूत म्हणाला, उठून खा. तो जेवला, पुन्हा झोपला, दूताने त्याला पुन्हा उठवून खायला घातले. प्रश्नोत्तरे त्यानंतर, कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर झाली. म्हणून वेळेवर जेवण, संध्याकाळी रंकाळ्यावर एक फेरी आणि रात्री दहानंतर चहा बंद, हीदेखील याच मार्गदर्शनाचा भाग समजावीत.

चिंता रोजची राहिली नाही हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक गेलेली असणे, अचानक छाती धडधडून श्वास अडकणे, कामावर जाणे अशक्य होणे, किंवा जगू नये असे विचार येणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला तर दोन आठवडे थांबू नये. त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी सांगावे. सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे कोणी म्हणाले तर त्याला शेजारच्या मिरजेकडे बोट दाखवावे, तेथे डॉ. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, आणि ते प्रार्थना करणारे गृहस्थ होते. प्रार्थना करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून आणि गोळ्या बंद करा असे सांगणाऱ्यापासून, मग तो कितीही मोठ्या आवाजात वचने म्हणत असो, चार हात दूर राहावे.

सातवी पायरी: उत्तर लांबले तर

महिनाअखेरीला वही मागे चाळावी. पानावर तारीख घालायला सांगितले होते ते यासाठी. काही पानांपुढे "झाले" असे लिहिता येईल. काही चिंता ज्या रूपात आपण पाहिल्या होत्या त्या रूपात आल्याच नाहीत असे आढळेल. आणि काही पाने तशीच उघडी असतील.

या उघड्या पानांपाशी दोन मोह होतात. एक मोह सौद्याचा असतो: अमुक झाले तर तमुक देईन. आपल्या भागात नवसाची रीत जुनी असल्यामुळे नव्याने विश्वासात आलेल्यांची प्रार्थना नकळत त्याच वळणावर जाते. ख्रिस्ती शिकवणीनुसार देवाची कृपा विकत घेता येत नाही, म्हणून देणगी द्यायची असेल तर ती उत्तराची अट न घालता द्यावी. दुसरा मोह स्वतःला दोष देण्याचा: माझा विश्वास कमी पडला. पौलाने आपल्या देहातील काटा, म्हणजे त्याला सतत सलणारा एक त्रास, निघावा म्हणून प्रभूजवळ तीन वेळा विनंती केली, आणि काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढे उत्तर मिळाले. खुद्द येशूनेही गेथशेमाने बागेत एकच विनंती तीन वेळा केली आणि प्रत्येक वेळी पित्याच्या इच्छेला मान तुकवली. तेव्हा तेच पान पुन्हा पसरण्यात काही चुकीचे नाही. फक्त त्यावर नवी तारीख घालावी आणि मागणीत काही बदल करावासा वाटतो का ते पाहावे, पुष्कळदा वाटतो.

आठवी पायरी: एकट्याने वाहू नये

एवढे झाल्यावर निदान एका माणसाला आपला प्रार्थनेचा विषय सांगावा. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून येथे मराठीतून उपासना करणारी मंडळी वाढत गेली, आणि आज शहरात नवख्याला बसता येईल अशी ठिकाणे आहेत. शाहूपुरीतील वायल्डर मेमोरिअल चर्च हे त्यांतले सर्वांच्या ओळखीचे. रविवारी उपासनेनंतर दारापाशी पाळकसाहेब भेटतात, त्यांना "माझ्यासाठी या गोष्टीकरिता प्रार्थना करा" एवढे म्हटले तरी चालते. आठवड्यातल्या कॉटेज प्रार्थनेत, म्हणजे कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, पहिल्या वेळी नुसते बसून ऐकले तरी कोणी काही म्हणत नाही.

सर्वांसमोर काय सांगावे याचे मात्र तारतम्य हवे. घरातील भांडण, मुलीच्या लग्नाची बोलणी किंवा कोणाचे आजारपण हे दुसऱ्यांचेही विषय असतात, म्हणून त्यांची परवानगी घेतल्याशिवाय सभेत नावानिशी काढू नयेत. "एका कौटुंबिक गोष्टीसाठी" असे म्हणणे पुरेसे आहे. प्रार्थनेचा विषय चहाच्या कपाबरोबर गल्लीभर पसरल्याची उदाहरणे आहेत. ज्या एका व्यक्तीला सगळे खुलेपणाने सांगायचे ती वयाने मोठी, पोटात गोष्ट ठेवणारी आणि शक्यतो नात्याबाहेरची असावी. तिच्याबरोबर पंधरा दिवसांतून एकदा बसावे, आपली वही न्यावी, आणि तिची चिंता काय आहे हेही विचारावे. तिच्यासाठीही वहीत एक पान राखावे आणि त्यावरही तारीख घालावी.